कमरेत गेलेली घोडी आणि रक्ताची नळी

प्रति,
मा. संपादक,

विषय : घोड्यांच्या मज्जारोगाचे रक्तातून निदान आणि विदर्भातली गरज

महोदय,

लग्नसराई उतरणीला लागली, की वैशाख-ज्येष्ठात विदर्भातल्या गुरांच्या दवाखान्यांत एक तक्रार हमखास येते : घोडी कमरेत गेली. मागचे पाय फरफटतात, वळवताना झोकांडते, उतारावर मागचा भाग एका बाजूला पडतो. कोणी म्हणते वारं गेलं, कोणी म्हणते वरातीत उधळली तेव्हा मणका दुखावला. अलीकडे यात मोबाइलवरच्या सल्ल्याची भर पडली आहे. मज्जातंतूंचा ऱ्हास रक्तातून ओळखणारी तपासणी परदेशात निघाली आहे, रक्त तिकडे पाठवा, म्हणजे रोग कळेल, असे सांगितले जाते. तपासणी खरी आहे. पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे न कळता पैसे घालवले तर हाती फक्त एक आकडा येतो. म्हणून हे पत्र.

मज्जापेशीच्या लांब धाग्याला आतून ताठपणा देणारी प्रथिने असतात. त्यांना न्यूरोफिलामेंट म्हणतात. ती हलकी, मधली आणि जड अशा तीन वजनांची. धागा तुटला की ती आधी मणक्यातल्या पाण्यात आणि तिथून थोडीफार रक्तात उतरतात. घोड्यांत जास्त अभ्यास झाला तो जड न्यूरोफिलामेंटच्या फॉस्फरसयुक्त रूपाचा. मोटेचा नाडा झिजला की विहिरीच्या पाण्यावर सुताचे तंतू तरंगतात, तसेच हे. तंतू दिसले म्हणजे नाडा झिजतो आहे एवढे नक्की. तो चाकावर घासतो की दगडाला, हे तंतू सांगत नाहीत. रक्ताच्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमच्या वर आकडा गेला तर मज्जातंतू तुटत असल्याचा संशय बळावतो. पण शवविच्छेदनात ऱ्हास सिद्ध झालेल्या बहुतेक घोड्यांतही तो त्या रेषेच्या खालीच राहिलेला आढळला आहे. सावकाश चालणाऱ्या रोगात धागे रोज थोडे थोडे तुटतात आणि रक्तात पोचेपर्यंत त्यांचा माग लागत नाही. उलट मानेच्या मणक्यात मज्जा (म्हणजे मज्जारज्जू) दाबली गेली किंवा मार लागला, तरी आकडा चढू शकतो. वाढलेला आकडा काहीतरी सांगतो. न वाढलेला काहीच सांगत नाही.

खर्चाची बाजूही पाहू. ही तपासणी एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीने प्रथिन मोजण्याच्या, पद्धतीने होते. एका पट्टीत ९६ खळगे असतात. तुलनेसाठी लागणारे, माहीत असलेल्या प्रमाणाचे आठ द्रव दोन-दोनदा घातले की १६ खळगे गेले. उरलेल्या ८० मध्ये प्रत्येक नमुना दोनदा, म्हणजे जेमतेम ४० घोडे बसतात. एका घोडीसाठी पट्टी उघडली तर बाकीची वाया, कारण उघडलेले रसायन फार दिवस टिकत नाही. शिवाय माणसासाठी किंवा उंदरासाठी बनवलेला संच घोड्याच्या रक्तावर चालतो का, हे आधी पडताळावे लागते : नमुना दुप्पट, चौपट पातळ केला तर आकडाही त्याच प्रमाणात उतरतो का? नाही उतरला, तर यंत्र भलतेच काही मोजते आहे. आणि आपल्या देशी तट्टांचा निरोगी आकडा किती, हे ठरल्याशिवाय आजारी आकडा कशाशी ताडायचा?

रक्तातल्या खुणा दोन प्रकारच्या असतात : इजा झाल्याचे सांगणाऱ्या आणि इजेचे कारण सांगणाऱ्या. आपल्याकडे कामाच्या आहेत त्या दुसऱ्या, आणि त्यांतल्या बहुतेक स्वस्त आहेत.

पण रक्ताआधी पाय पाहायचे. घोडीला कठीण, सपाट जागेवर सरळ चालवा, मग मागे रेटा, मग डावीकडे आणि उजवीकडे अगदी लहान वर्तुळात फिरवा. डोके वर उचलून धरून चालवा. चालता चालता शेपूट एका बाजूला ओढा. निरोगी जनावर प्रतिकार करते, मज्जा बिघडलेले ओढल्या बाजूला येते. उतारावर वर-खाली न्या. लंगडणे असेल तर प्रत्येक पावलाला चूक सारखीच होते. मज्जा बिघडली असेल तर प्रत्येक पाऊल वेगळे पडते : एकदा खूर जास्त बाहेर, एकदा स्वतःच्याच पायावर, एकदा बरोबर. या डगमगीला ० ते ५ अशी श्रेणी देतात. ० म्हणजे निर्दोष, ५ म्हणजे उठताच न येणारी. दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या आहेत की एक जास्त, हे आवर्जून लिहून ठेवावे. निदानाची अर्धी वाट इथेच कळते. (२ किंवा त्याहून वरच्या श्रेणीची घोडी वरातीत नेणे म्हणजे नवरदेवाच्या आणि बँडवाल्यांच्या जिवाशी खेळ. मालकाला हे स्पष्ट शब्दांत सांगावे, बुकिंग कितीही मोठे असो.)

यानंतर पहिला संशय पिसाळण्याचा. रेबीज झालेला घोडा दर वेळी चावत सुटतो असे नाही. मागचे पाय लुळे पडणे, गिळता न येणे, लाळ गळणे, पोटशूळ असल्यासारखे करणे, स्वतःचाच पाय चावणे अशीही त्याची सुरुवात होते. कुत्रा किंवा कोल्हा चावून महिने लोटलेले असतात, जखम दिसतही नाही. ‘घशात काही अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालणे हा या भागातला सर्वांत धोक्याचा रिवाज आहे. जिवंत घोड्यात रेबीज नाही अशी खात्री देणारी कोणतीही तपासणी नाही. निदान मेल्यावर मेंदूतूनच होते. संशय असेल तर मणक्यातले पाणी काढू नये. लाळेचा स्पर्श झालेल्या प्रत्येकाने साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी.

दुसरा संशय सर्ऱ्याचा. घोडमाशी चावून रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी शिरतो. चढउतार होणारा ताप, पोटाखाली आणि पायांवर सूज, भूक असूनही खंगणे आणि शेवटी मागच्या पायांतली डगमग. रक्ताची काच एकदा कोरी आली म्हणून सर्रा नाही असे होत नाही. परोपजीवी रक्तात लाटेने येतो. काच ताप चढलेला असताना काढावी, तीही दोन-तीन दिवस ओळीने. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने या रोगाच्या निदानावर बरेच काम केले आहे. मालकांना एक गोष्ट सांगितली जात नाही : नेहमीचे क्विनापायरामीन मेंदू-मज्जेच्या पडद्याआड नीट पोचत नाही. त्यामुळे ताप उतरतो, घोडी सुधारल्यासारखी वाटते आणि काही आठवड्यांनी पुन्हा डगमगू लागते. मग ‘हा मज्जेचा ऱ्हास’ असा शिक्का बसतो. तो ऱ्हास नसतो, अर्धवट बरा झालेला सर्रा असतो.

तिसरी कुमरी. नाव कमरेवरूनच आले आहे. बैलांच्या पोटात राहणारा सेटारिया नावाचा दोऱ्यासारखा जंत बैलाला फारसा त्रास देत नाही. त्याच्या अळ्या डासांमार्फत घोड्यात गेल्या की वाट चुकून मज्जेत शिरतात. बैलांच्या गोठ्याला लागूनच घोडी बांधायची, हे आपल्याकडे घरोघर. अळी एका जागी घुसते, त्यामुळे एक बाजू जास्त बिघडते आणि दुखणे अचानक येते. सावकाश चढत जाणारी, दोन्ही बाजूंना सारखी डगमग असेल तर कुमरी मागे टाकावी.

फवारणीच्या दिवसांत धुऱ्यावर चरलेली घोडी थरथरत आली, बुबुळे बारीक झालेली, लाळ आणि घाम सुटलेला, तर वेळ घालवू नये. ऑर्गनोफॉस्फेट विषबाधेची खूण म्हणजे रक्तातले कोलिनेस्टरेज हे एन्झाइम, आणि ते घटलेले असते. न गोठवलेले रक्त बर्फावर पाठवावे, मात्र उपचार निकालाची वाट पाहत थांबवू नयेत.

बुरशीच्या मक्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण कारण सांगणारी खूण कशी असते ते इथे नेमके दिसते. कापणीच्या वेळी भिजलेल्या कणसांवर फ्युजेरियम बुरशी धरते आणि फ्युमोनिसिन हे विष तयार होते. गाय ते बऱ्यापैकी पचवते, घोडा अजिबात नाही. मेंदूतला पांढरा भाग अक्षरशः वितळतो. आंधळेपणा, भिंतीला डोके टेकून उभे राहणे, एकाच बाजूला गोल फिरणे, आणि एक-दोन दिवसांत मृत्यू. हे विष शरीरातली स्निग्ध द्रव्ये बनवणारे एक एन्झाइम अडवते. त्यामुळे रक्तात स्फिंगॅनीन साचते आणि त्याचे स्फिंगोसीनशी असलेले गुणोत्तर चढते. हे गुणोत्तर लक्षणांच्या आधीच हलू लागते आणि बोट थेट खुराकाकडे दाखवते. एकाच पोत्यातून चार घोड्यांना चंदी दिली असेल, तर मेलेल्याचे कारण शोधताना उरलेल्या तिघांचे रक्त जास्त कामाचे. अमेरिकेत घोड्यांच्या मक्यात ५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत पाच) जास्त फ्युमोनिसिन चालत नाही, आणि असा मकाही एकूण आहाराच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त देत नाहीत. बाजारात स्वस्त मिळणारी मक्याची चाळण, फुटके दाणे आणि भुकटी, यांत विष सर्वाधिक असते. ती घोड्याच्या तोबऱ्यात कधीच नको. दाण्यावर गुलाबी-पांढरी झाक नसली म्हणजे विष नाही, असेही नाही.

झाडीपट्टीतला प्रश्न आणखी वेगळा : लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धानाच्या बांधीत उतेऱ्यावर ती पेरतात. तिच्यातले ओडॅप हे द्रव्य माणसाला लुळे करते हे आजोबा-पणजोबांपासून ठाऊक आहे; घोडा त्याला आणखी संवेदनशील आहे. आधी घशाच्या नसा जातात. थोडे पळवले की घोडी घर्र घर्र आवाज काढते, श्वास पुरत नाही. मग मागचा भाग ताठरतो. एकोणिसाव्या शतकात भारतातून गेलेली लाख खाऊन इंग्लंडमधल्या गाडीच्या घोड्यांना हेच झाले होते. यासाठी दवाखान्यात वापरता येईल अशी रक्ताची खूण नाही. गव्हाणीत काय पडते ते पाहायचे. रतन, प्रतीक, महातिवडा या कमी ओडॅपच्या जाती आहेत. पण बाजारातून आणलेल्या पोत्यात कोणती जात आहे, हे कोण सांगणार?

एक तपासणी मात्र मागूच नये. इंटरनेटवर घोड्याची डगमग शोधली की ईपीएम नावाचा रोग सर्वांत वर येतो आणि त्याची तपासणी सुचवली जाते. त्याचा मुख्य परोपजीवी सार्कोसिस्टिस न्यूरोना अमेरिका खंडातल्या ओपॉसम या प्राण्यातून पसरतो. यवतमाळात जन्मून तिथेच वाढलेल्या घोडीला तो कुठून होणार?

हे सगळे बाजूला सारल्यावर खऱ्या ऱ्हासाच्या रोगांकडे वळता येते. घोड्यांत त्यांतले दोन महत्त्वाचे, आणि दोन्हींच्या मुळाशी ई जीवनसत्त्वाची कमतरता. पहिला शिंगरांचा. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात ई जीवनसत्त्व कमी पडले आणि आईबापाकडून तशी प्रवृत्ती आलेली असली, तर मज्जेतल्या जागेचे भान देणाऱ्या वाटा झडतात. चारही पाय डगमगतात, मागचे जास्त, दोन्ही बाजू सारख्या. अंगात ताकद मात्र असते. दुसरा मोठ्या घोड्यांचा, १९९० साली अमेरिकेत प्रथम नोंदला गेलेला. दीड वर्षाहून जास्त काळ हिरवा चारा न मिळालेल्या घोड्यात स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मरतात. तो डगमगत नाही, अशक्त होतो. चारही पाय पोटाखाली गोळा करून उभा राहतो, अंगाचा भार सारखा एका पायावरून दुसऱ्यावर टाकतो, थरथरतो, मान खाली सोडतो, शेपटीचे मूळ उचललेले राहते, पुठ्ठे गळतात. भूक मात्र चांगली. चालताना उभ्यापेक्षा बरा दिसतो, हे त्याचे वैशिष्ट्य. अशा घोड्याच्या रक्तात सीके आणि एएसटी ही स्नायूंची एन्झाइम्स थोडी वाढलेली सापडतात आणि शेपटीच्या मुळाजवळच्या स्नायूचा तुकडा काढून निदान पक्के करता येते. शिंगरांच्या रोगात जिवंतपणी अशी सोय नाही.

आता विदर्भाचे चाऱ्याचे वर्ष पाहा. माघ-फाल्गुनापासून मृगापर्यंत घोड्यापुढे पडते ते सोयाबीनचे, तुरीचे नाहीतर हरभऱ्याचे कुटार, कडबा, पूर्वेकडे तणस. गवत कापून वाळवतानाच ई जीवनसत्त्वाचा मोठा भाग जातो, साठवणीत राहिलेलाही घटत जातो. उन्हात पडून पिवळ्या झालेल्या कुटारात नाव घेण्यासारखे काही उरत नाही. ज्या घोड्या उन्हाळ्याच्या तोंडावर वितात, त्यांच्या शिंगरांचे पहिले तीन-चार महिने नेमके याच काळात येतात. वारेतून शिंगराला हे जीवनसत्त्व फारच थोडे मिळते, खरा पुरवठा चिकातून. घोडीच रिकामी असेल तर चीकही रिकामा. गाय रवंथ करते, तिचा चारा वेगळा, तिच्यासाठी ओल्या चाऱ्याची धडपडही होते. घोडीला मात्र ‘ती काय, कुटारावर निघते’ असे म्हटले जाते.

म्हणून आपल्या भागासाठी कामाची खूण ती सीरममधल्या अल्फा-टोकोफेरॉलची, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या मुख्य रूपाची. मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमच्या वर म्हणजे पुरेसे, १.५ ते २ म्हणजे काठावर, १.५ च्या खाली म्हणजे कमतरता. हे एचपीएलसी यंत्रावर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, मोजतात. पण नमुना घेताना इतक्या चुका होतात, की अनेकदा आकडा घोडीचा नसून रस्त्याचा असतो.

पहिली चूक : आधी औषध, मग रक्त. जीवनसत्त्वाची एक मात्रा पोटात गेली की मूळ स्थिती कळण्याची संधी संपली. दुसरी : बारीक सुईने जोर लावून रक्त ओढणे. पेशी फुटतात, सीरम लालसर होते आणि आकडा खोटा कमी येतो. मानेच्या शिरेतून जाड सुईने, हलक्या हाताने, साध्या कोरड्या नळीत १० मिलिलिटर घ्यावे; नळी हलवू नये. तिसरी चूक उजेडाची. रक्त काढल्या काढल्या नळीला पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद लावावा. चौथी, नळी आडवी ठेवणे : रबरी बूच ई जीवनसत्त्व शोषून घेते, म्हणून नळी उभी आणि रक्त बुचाला न लागता. पाचवी, उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत ठेवणे. तिथे नळी शिजते. सावलीत अर्धा ते एक तास गोठू द्यावे, सेंट्रिफ्यूजवर सीरम वेगळे करून दुसऱ्या नळीत घ्यावे, पुन्हा कागद लावावा आणि बर्फाच्या डब्यात पाठवावे. त्याच दिवशी पोचणार नसेल तर उणे २० अंशांवर गोठवावे. न वेगळे केलेले रक्त मात्र चुकूनही गोठवू नये. पेशी फुटून नमुना वाया जातो. एकाच घोड्यात तासातासाला आकडा हलतो, त्यामुळे शक्य असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या वेळचे नमुने घेऊन सरासरी काढावी. गोठ्यात आणखी घोडे असतील तर त्यांचेही घ्यावे. एकाच चाऱ्यावरच्या तीन घोड्यांचा आकडा खाली असेल तर दोष चाऱ्याचा.

आकडा वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. कमी आकडा म्हणजे रोग नव्हे. कुटारावरचे कितीतरी घोडे कमी आकड्यावर धडधाकट चालतात. त्यांना धोका आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि चांगला आकडा म्हणजे रोग नाही, असेही नव्हे. शिंगराचे नुकसान चैत्रात झाले आणि डगमग भाद्रपदात कोणाच्या लक्षात आली, तर तोवर हिरवे खाऊन आकडा वर आलेला असतो. पीडित घोडे हे जीवनसत्त्व इतरांपेक्षा लवकर जाळतात, असेही परदेशातल्या अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे एकाच चाऱ्यावरची दोन शिंगरे वेगळी निघतात.

औषधाचा हिशेब वजनावर चालतो आणि वजन अंदाजाने सांगू नये. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा, ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे २६५ किलो. हिरवा चारा नसताना रोजची गरज किलोला १ ते २ आंतरराष्ट्रीय एकके, म्हणजे या घोडीला २६५ ते ५३०. उपचाराची मात्रा किलोला १०, म्हणजे २,६५०. ‘तेल पाजा, तेलात ई असते’ हा सल्ला इथे गणितात बसत नाही. सूर्यफूल तेलाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४० मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल असते आणि नैसर्गिक प्रकाराचे एक एकक म्हणजे ०.६७ मिलिग्रॅम; २,६५० एककांसाठी रोज सव्वाचार किलोहून जास्त तेल पाजावे लागेल. सोयाबीन तेलातला टोकोफेरॉल बहुतांश गॅमा जातीचा, तो या कामाचा नाही. उलट, नुसते तेल वाढवले तर शरीराची ई जीवनसत्त्वाची गरजच वाढते.

औषधाच्या दुकानातल्या ४०० मिलिग्रॅमच्या हिरव्या गोळ्या कृत्रिम टोकोफेरिल ॲसिटेटच्या असतात. त्यात आठ रूपांचे मिश्रण. नैसर्गिक रूप त्यातले एकच. गणिताने सात गोळ्या होतात, पण घोड्याच्या रक्तातला आकडा त्यांनी सावकाश आणि कमीच चढतो. पाण्यात मिसळणारे नैसर्गिक ई जीवनसत्त्व दिले तर तो काही दिवसांत चढतो. ते महाग आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही मागवावे लागते. म्हणून गाभण घोडी आणि शिंगरे यांना पहिला मान द्यावा. गोळ्याच द्यायच्या असतील तर खुराकात, थोड्या तेलासोबत. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त मोजल्याशिवाय मात्रा वाढवू नये. फार जास्त ई जीवनसत्त्व रक्त गोठण्यात अडथळा आणते. आणि ई-सेलेनियमचे इंजेक्शन म्हणजे ई जीवनसत्त्वाचा उपचार नव्हे. त्यात ई गरजेच्या मानाने नगण्य असते. ‘अजून एक मारा’ म्हणत ते वाढवले तर सेलेनियम चढते, आणि चढलेले सेलेनियम जीव घेते.

शिंगरात झडलेल्या वाटा कोणत्याही मात्रेने परत येत नाहीत. मग उपचार कशासाठी? पुढच्या शिंगरासाठी. डगमगणारे शिंगरू सापडले तर त्याच्या आईला पुढच्या गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि नव्या शिंगराला जन्मापासून ई जीवनसत्त्व द्यावे. विहिरीला पाणी असेल तर दोन गुंठे लसूणघास उन्हाळ्यात ओलीच कापून घालावी. वाळवून घातली तर प्रथिने मिळतील, ई मिळणार नाही.

शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा. शिंगरांच्या ऱ्हासाचे पक्के निदान मेंदूच्या देठातल्या ठरावीक केंद्रांत आणि मज्जेत फुगलेले धागे दिसल्यावरच होते. घोडा मेला की ओढून खड्ड्यात घालतात, आणि हे उत्तर मातीत जाते. रेबीजचा संशय असेल तर हातमोजे, चष्मा आणि मास्क घालून, प्रशिक्षित माणसानेच डोके उघडावे. मेंदूचा अर्धा भाग बर्फावर रेबीजसाठी, अर्धा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये. मज्जेचे तुकडे मानेतून, छातीच्या भागातून आणि कमरेतून. दुकानातल्या फॉर्मेलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ, आणि हा द्रव तुकड्याच्या दहा पट. कमी घातला तर आतला भाग कुजतो आणि काचेवर काही दिसत नाही. विदर्भातल्या घोड्यांचे असे काही पक्के निदान झालेले नमुने जमले, तरच न्यूरोफिलामेंटचा आकडा आपल्याकडे कशाशी तरी ताडता येईल. तोवर परदेशी रेषेवर आपली तट्टे मोजणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने कपडे शिवणे.

२०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख मोजली गेली आणि संख्या झपाट्याने घटते आहे. एवढ्याशा जनावरांसाठी वेगळी प्रयोगशाळा मागणे शहाणपणाचे नाही. पण एचपीएलसी यंत्र गाई-म्हशींच्या आणि शेळ्यांच्या तपासण्यांना, पशुखाद्याला, बुरशीच्या विषाला, सगळ्याला चालते. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या नागपूर आणि अकोला येथील संस्थांनी महिन्यातून ठरलेल्या दोन दिवशी घोड्यांचे सीरम ई जीवनसत्त्वासाठी स्वीकारावे आणि दर जाहीर करावेत, ही आमची पहिली मागणी. मेंढपाळांच्या बिऱ्हाडाची तट्टे, वीटभट्ट्यांवरची जनावरे आणि चिखलदऱ्यातली पर्यटकांची घोडी यांपर्यंत १९६२ क्रमांकावर येणारी फिरती पथके पोचतात. त्यांच्या पेटीत चांदीचा कागद, बर्फाचा डबा आणि साध्या नळ्या असाव्यात, ही दुसरी. खर्च शे-दोनशे रुपयांचा.

तिसरी मागणी कागदाची आहे. नमुन्यासोबतच्या अर्जावर आज नाव, वय, रंग आणि लक्षणे लिहितात. त्यात चार रकाने वाढवावेत : हिरवा चारा शेवटचा कधी आणि किती दिवस मिळाला; गेल्या दोन महिन्यांत मका, चाळण किंवा लाखोळी दिली का; जवळ बैल बांधतात का; आणि रक्त काढण्याआधी कोणते इंजेक्शन किंवा गोळी दिली. हे रकाने कोरे असलेला नमुना प्रयोगशाळेने परत पाठवावा.

आपले,
विदर्भातल्या ग्रामीण भागात काम करणारे काही पशुवैद्यक